पाहू मंग

परवा नांदुऱ्यात स्टेशन रोडला चहा घेत उभा होतो. गावातला एक पोरगा भेटला, नात्यानं पुतण्या लागतो. त्याला म्हटलं, "गाळासाठी नाव देलं का रे? सातबारा घेऊन ये म्हटलं होतं तुले." त्यानं कपातला शेवटचा घोट संपवला, कप टाकला आणि म्हणाला, "पाहू मंग काका."

मी पुढं काही बोललो नाही. मला बोलायचा हक्कही नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात हेच दोन शब्द मी निदान वीसदा म्हटले असतील आणि त्याची किंमत अजून भरतोय. म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, पण गावातल्या लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक वार आणि एक वेळ दिली आहे.

आपल्याकडं "पाहू मंग" म्हणजे नकार नव्हे. वऱ्हाडी माणसाला नाही म्हणायचं असलं की तो तोंडावर नाही म्हणतो, वरून दोन शब्द जास्तीचे ऐकवतो. "पाहू मंग" हा होकारही नाही. विचारणाऱ्याला वाटतं काम होईल. म्हणणाऱ्याला वाटतं आपण काही बिघडवलं तर नाही. दोघंही आपापल्या घरी सुखानं जेवतात आणि काम तिथंच राहतं.

आता २०१८ चं सांगतो.

राज्य सरकारनं २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली होती. तलावातला गाळ यंत्रानं काढायचा, शेतकऱ्यानं तो आपल्या खर्चानं वाहून शेतात टाकायचा. तलाव खोल होतो, शेत सुधारतं. मार्च २०१८ मध्ये जिल्हा प्रशासन आणि भारतीय जैन संघटना यांनी मिळून 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' म्हणून मोठं काम हाती घेतलं. १३४ जेसीबी आणि पोकलेन जिल्ह्यात उतरले. आपल्या जिल्ह्यात एवढी यंत्रं एका वेळी पाणी अडवायच्या कामाला लागलेली मी तरी आधी पाहिली नव्हती.

आमच्या गावच्या पाझर तलावावरही एक पोकलेन आलं. गाळ फुकट. भरून देणारं यंत्र फुकट. आपलं काय, तर ट्रॅक्टर-ट्रॉली आणि डिझेल.

माझं रान बरडाचं. नांगर दोन वितीच्या खाली गेला की मुरूम खडखडतो. दहा-बारा दिवस पावसानं ताण दिला की पीक माना टाकतं. गाळाची खरी गरज कोणाला होती, तर मलाच. आणि हे मला कळत होतं, हे लिहितानाही लाज वाटते. न कळून राहिलो असतो तर गोष्ट वेगळी होती.

माझ्या बांधाला बांध असलेला शेजारी पहिल्याच आठवड्यात लागला. त्याच्याकडं स्वतःचा ट्रॅक्टर नाही. त्यानं भाड्यानं घेतला. दिवसा ट्रॅक्टर लग्नाच्या वऱ्हाडात गुंतलेला, म्हणून हा पहाटे चारला तलावावर जायचा. बायको कंदील नाही तर मोबाइलचा उजेड धरून शेतात उभी, ट्रॉली कुठं पालथी करायची ते दाखवायला. मी सकाळी गावात जायचो तेव्हा तो तोंडाला फडकं बांधून परत येत असायचा. "ये ना बावा, नंबर लागत नाई सध्या," म्हणायचा. मी म्हणायचो, "पाहू मंग."

माझी कारणं ऐका. चुलतभावाचा ट्रॅक्टर मिळणार होता, पण तो अक्षय्य तृतीयेनंतर. भावाची आणि माझी वाटणी तोंडी झाली होती, कागदावर नव्हती, मग कोणत्या तुकड्यात टाकायचा हा प्रश्न. गाळात तणाचं बी येतं असं कोणी तरी म्हणालं. मे महिन्यात घरात लग्न. ऊन फार. ही सगळी कारणं खरी होती. एकही खोटं नव्हतं. टाळाटाळीला खोटी कारणं लागतच नाहीत, खरी कारणं ढिगानं मिळतात.

आमची माय एकदाच बोलली. "गाळ काही तुह्या लग्नाची वाट पाहाणार नाई." मी हसण्यावारी नेलं.

चुलतभावाचा ट्रॅक्टर मेच्या शेवटी मोकळा झाला. आठ ट्रॉल्या टाकल्या. आठ! जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी असा पाऊस आला की तलावाकडची वाट चिखलात गेली. दुसऱ्या दिवशी पोकलेन ट्रेलरवर चढवून घेऊन गेले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होतो.

पुढं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. सरकारनं त्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही तालुके होते. शेंगा भरायच्या वेळेला पाऊस गेला तो गेलाच. मी बांधावर उभा राहायचो. एका बाजूला माझं सोयाबीन, दुसऱ्या बाजूला त्याचं. बियाणं एकाच दुकानातलं, पेरणी दोन दिवसांच्या अंतरानं. माझं दुपारी अकरालाच पानं मिटून बसायचं. त्याचं चारपर्यंत तग धरायचं. त्याला एकरी पाच क्विंटल झालं, मला दोन. चांगल्या वर्षी हा फरक कळलाही नसता. वाईट वर्षी त्याच तीन क्विंटलांत पोराची कॉलेजची फी होती. ती मी सावकाराकडून... असो. ते इथं लिहायचं नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, नाही तर पूर्णाकाठचे मित्र गाळासाठी धावतील. गाळ हा बरड, हलक्या, मुरमाड रानासाठी. तुमच्या खोल काळ्या जमिनीत आधीच चिकणमाती भरपूर, पाण्याचा निचरा होत नाही ही तुमची अडचण. तिथं गाळ टाकून वर आणखी पाणी धरून ठेवाल. आणि खारपाण पट्ट्यात तर माती-परीक्षण केल्याशिवाय काहीच टाकू नका. कोणतीही संधी सर्वांची नसते. पण जी आपली आहे तिला तरी ओळखावं.

त्याच सुमाराला आपल्या जिल्ह्यात दुसरं एक काम झालं, ज्याचं नाव आज देशभर आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणाला माती आणि मुरूम लागत होता. एरवी काय होतं? कंत्राटदार कुठली तरी टेकडी पोखरतो. आणि त्याच वेळी जलसंधारणाचं खातं तलाव खोल करायला निधी नाही म्हणून बसलेलं असतं. एका खात्याला माती हवी, दुसऱ्याला ती काढून हवी. दोन फायली दोन कपाटांत. बुलढाण्यात त्या दोन फायली एकमेकींशेजारी ठेवल्या गेल्या. तलाव, नाले खोदून निघालेली माती रस्त्याला, आणि खड्ड्यात साठलेलं पाणी गावाला. खोदाईचा वेगळा खर्च गावावर नाही. यालाच 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात, नीती आयोगानंही त्याची दखल घेतली.

यात नवीन यंत्र नाही, नवा शोध नाही. कोणालाही सुचलं असतं, आणि माझी खात्री आहे की अनेक जिल्ह्यांत अनेकांना सुचलंही असेल. फरक असा की रस्त्याचं काम एकदाच होतं. डंपर एकदाच गावाजवळून जातात. त्या सहा-आठ महिन्यांत ग्रामपंचायतीचा ठराव, परवानगी, तलावाची मोजणी हे सगळं झालं तर झालं. रस्ता तयार झाल्यावर तो उकरून कोणी तुमच्या तलावाची माती न्यायला येत नाही.

रस्त्यावरून आठवलं. आपला नांदुऱ्यावरून जाणारा महामार्ग पुढं अमरावती-अकोल्याच्या दरम्यान किती वर्षं रखडला होता, ते त्या रस्त्यानं गेलेल्याला विचारा. कमरेचे मणके सांगतील. आणि त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आपला हनुमान १०५ फुटांचा आणि हे १०५ तास, असा विनोद तेव्हा आम्ही टपरीवर केला होता. पण गंमत सोडा. माती तीच, ऊन तेच, डांबर तेच. जे वर्षानुवर्षं होत नव्हतं ते पाच दिवसांत होऊ शकतं, कारण पाच दिवस आधी कोणी तरी सगळी जुळवाजुळव करून तारीख पक्की केलेली असते.

आता जिगावचं. नांदुरा तालुक्यात राहून या विषयावर लिहायचं आणि जिगावबद्दल गप्प बसायचं हे जमणार नाही.

पूर्णेवरचा हा प्रकल्प नव्वदच्या दशकात मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३९४ कोटींचा. पुढं सुधारित अंदाज येत गेले आणि आकडा १३ हजार ८७४ कोटींवर गेला. पस्तीस पट. दरवाढ झाली, २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला, कामं वाढली, मधल्या काळात चौकश्या झाल्या. प्रत्येक टप्प्याला कारण आहे आणि माझ्या लग्नाच्या कारणासारखंच प्रत्येक कारण खरं आहे. मी इथं कोणत्या पक्षावर, कोणत्या साहेबावर बोलत नाही. या सगळ्या वर्षांत सगळ्यांचीच सरकारं येऊन गेली. कोणीही कधी म्हणालं नाही की जिगाव करायचं नाही. एकही भाषण त्याच्या विरोधात मी ऐकलं नाही. सगळे बाजूनंच होते.

खारपाण पट्ट्यातल्या ज्या गावांना विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यांच्यासाठी ते पाणी होतं. आज चाळिशीत असलेला तिकडचा शेतकरी दहा-बारा वर्षांचा असताना त्यानं ऐकलं होतं, पाणी येणार. आता त्याचा पोरगा तेवढा झालाय.

आणि दुसरी बाजू बुडीत क्षेत्रातली. माझी एक आत्या पूर्णाकाठच्या एका गावात राहते. गाव जाणार, हे तिला नव्वदच्या दशकातच समजलं. त्या दिवसापासून त्या घरात कशालाच हात लागला नाही. भिंतीचा गिलावा पडला, तर "आता जायाचंच हाय." छपराचा टिन उडाला, तर त्यावर दगड. संडास बांधायचा, तर कशाला, पुनर्वसनात नवीन घर होईल. पोरींच्या सोयरिकी बघायला पाहुणे आले की आत्या अंगणातच बाज टाकायची, घरात न्यायला लाजायची. शेजारच्या माणसानं मुलाला शेत विकत घेऊन द्यायचं होतं, ते घेतलं नाही, कारण कुठं घ्यायचं? इकडं घ्यावं तर बुडतं, तिकडं घ्यावं तर गाव कुठं बसणार ते ठाऊक नाही. असं एक आख्खं गाव पंचवीस वर्षं गाठोडं बांधून बसलं. मोटार येत नाही आणि उठून घरी जाताही येत नाही, अशी स्टँडवरची अवस्था.

चार वर्षांपूर्वी गेलो तर आत्याच्या घराला गिलावा. आत फरशी. मागं संडास, वर पाण्याची टाकी. मी विचारलं, "आत्या, धरणाचं काय?"

ती म्हणाली, "धरण येईन तवा येईन. तवरिक मी काय मातीत बसू? मह्यं आयुष्य त बुडीतात नाई ना गेलं."

कोणाला वाटेल, पैसा वाया घालवला, उद्या पाण्याखाली जाणार. तिनं हिशेब वेगळा केला. सत्तरीत तिला रात्री अंधारात शेताकडं जावं लागत नाही, हा तिचा हिशेब. धरण तिच्या हातात नव्हतं, गिलावा होता. मला वाटतं आमच्या घराण्यात सगळ्यात शहाणी तीच. तिलाही पंचवीस वर्षं लागली, हे ती स्वतःच सांगते आणि कपाळावर हात मारून घेते.

रेल्वेचं घ्या. मुंबई-नागपूर लाइन १८६० च्या दशकात आपल्या भागातून गेली, नांदुऱ्याला स्टेशन झालं. खामगाव त्या लाइनवर नव्हतं, पण कापसाची मोठी बाजारपेठ होतं. तर जलंब ते खामगाव फाटा टाकला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. इंग्रज काही आपल्या भल्यासाठी करत नव्हते, त्यांना मँचेस्टरला कापूस न्यायचा होता. पण हवं होतं ते त्यांनी करून घेतलं. आणि तोच फाटा पुढं जालन्याला जोडा ही मागणी शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. सर्वेक्षणं झाली, बैठका झाल्या, खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा यावर चर्चा झाल्या. दर निवडणुकीत ती गाडी भाषणातून सुटते.

आता कोणी म्हणेल, मग काय, दिसलं की उडी मारायची? नाही. उडी मारणाऱ्यांचीही गोष्ट याच मातीत आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअर बाजार पेटला, रोज नवीन कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईतले मोठमोठे शेठ बसले. भाव कायम असाच राहील असं धरून ज्यांनी कर्जं काढली होती, त्यांना ती फेडायची राहिली. म्हणजे घाई केली की चुकत नाही, असं माझं म्हणणं नाही.

वाट पाहण्यातही तसंच. आपल्याला कापसाचं अजून ताजं आहे. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात दिवाळीनंतर आठ-नऊ हजारांचा भाव होता, हमीभाव ६,३८०. पण आपल्या डोक्यात दहाचा आकडा बसलेला. आपण कोणीच कापूस विकला नाही. घरोघरी कापूस. पुढच्या खोलीत कापूस, देवघरात कापूस, बाजेखाली कापूस. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, मुलं ओसरीत झोपू लागली.

माझ्या त्याच बांधशेजाऱ्यानंही कापूस ठेवला होता. पण त्यानं कॅलेंडरवर होळीला गोल करून ठेवला होता. बायकोसमोर सांगून टाकलं होतं, होळीपर्यंत दहा झाला तर बरं, नाही झाला तर असेल त्या भावानं द्यायचा. होळीला आठच्या आसपास भाव होता. त्यानं गाडी भरली. त्यालाही तोटाच झाला म्हणा, नोव्हेंबरात विकला असता तर जास्त आले असते. पण त्यानं सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरलं आणि व्याज सवलतीत बसला. मी ठेवला. भाव उतरला की वाटायचं, आता चढेल. जरा चढला की वाटायचं, आणखी चढेल. मे महिन्याच्या शेवटी बियाण्याला पैसे नाहीत म्हणून सातच्या भावानं विकला. तोवर वाळून वजनही घटलं होतं.

आम्ही दोघांनीही वाटच पाहिली. त्याला ठाऊक होतं कधीपर्यंत. मला नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कळायला मला एक दुष्काळ आणि एक कापसाचा हंगाम लागला.

आता कामाचं.

गाळाची योजना सरकारनं २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली आणि या वेळी एक चांगली गोष्ट त्यात घातली. पूर्वी वाहतुकीचा सगळा भार शेतकऱ्यावर होता. आता सीमांत आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना, तसंच विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना गाळ पसरवायला अनुदान ठरवलं आहे. घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी जास्तीत जास्त १५ हजार, अडीच एकरांपर्यंत. म्हणजे एकूण ३७,५००. हिशेब करून पाहिला. १५ हजारांत साधारण ४०० घनमीटर बसतात. एकरभर पसरवले तर चार इंचांचा थर होतो. एक ब्रासची ट्रॉली धरली तर सव्वाशे-दीडशे खेपा. म्हणजे मी २०१८ ला टाकलेल्या आठ ट्रॉल्या म्हणजे काय होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. हळद लावली म्हणायची नुसती.

एवढ्या खेपा शेवटच्या आठवड्यात होत नाहीत. एक ट्रॅक्टर दिवसाला दहा-बारा खेपा मारतो, तलाव जवळ असला तर पंधरा. दोन ट्रॅक्टर लावले तरी एका एकराला आठवडा जातो. गावात तीस जणांनी नावं दिली तर गणित तुम्हीच करा. आणि रोहिणी कधी लागतात ते कॅलेंडरात छापलेलं आहे, ते आपल्याला विचारून बदलत नाही.

आपल्या गावचं काय अडलंय? ग्रामपंचायतीचा ठराव झालेला नाही. ठराव झाला नाही म्हणून मागणी गेली नाही, मागणी गेली नाही म्हणून यंत्र नाही. सरपंचांना मी दोनदा भेटलो. माणूस चांगला आहे, नाही म्हणत नाही. ते म्हणतात, लोकांची यादी आणा, लगेच सभा लावतो. लोक म्हणतात, यंत्र येऊ द्या, मग नाव देतो. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं पाहतायत आणि तलाव उन्हानं भेगाळतोय.

ज्यांची रानं माझ्यासारखी बरडाची आहेत, त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मारुतीच्या पारावर यावं. सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणावी. ज्यांना झेरॉक्स काढायला नांदुऱ्याला जायचं होत नाही त्यांनी मला शनिवारपर्यंत मूळ कागद द्यावेत, मी काढून आणतो. वीस नावं झाली की त्याच दिवशी दहा वाजता सगळे मिळून सरपंचांकडं जाऊ. यादीवर कोण किती एकरांत टाकणार तेही लिहायचं, म्हणजे किती घनमीटर लागतील ते मागणीत घालता येईल. आणि हो, गाळ विकायला न्यायचा नाही, त्यातून रेती तर अजिबात काढायची नाही. तसं कोणाच्या मनात असेल तर त्यांनी रविवारी येऊ नये.

माझ्या भावाची आणि माझी वाटणी गेल्या महिन्यात कागदावर झाली. दोन ट्रॅक्टर ठरवून हजार-हजार इसार दिला आहे. बांधशेजाऱ्यानं सांगितलंय की या वेळी त्याला गाळ नको, त्याचं रान झालं, पण पहाटेच्या खेपांना तो माझ्यासोबत येईल.

पुतण्याला आज सकाळी पुन्हा फोन केला होता. तो म्हणाला, "रविवारी नाई जमत काका, खामगावले जायाचं हाय." मी म्हटलं, मग शनिवारी संध्याकाळी सातबारा दे. तो जरासाक थांबला. मग म्हणाला, "बरं, सात वाजता येतो."

शनिवारी सातला मी ओसरीत बसलेला असेन.